मोनेची कमळे आणि तुमसरचा स्टँड

दिवाळीच्या अंकात भांडू नये, असा आपल्याकडे एक सौम्य संकेत आहे. चकलीचा तुकडा तोंडात असताना वाचकाला वाद ऐकवणे बरे नव्हे, हे मलाही कळते. परंतु ज्या गोष्टीवरून मला भांडायचे आहे, ती नेमकी दिवाळीतच घरोघर येते. ती अंकांच्या मुखपृष्ठांवर येते, भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरावर येते, आणि पोरांच्या हाती नवी रंगपेटी पडली की त्यांच्या कागदावरही उतरते. ती गोष्ट म्हणजे तळे. तळ्यात कमळे, काठाला एक झुकलेले झाड, पलीकडे मावळता सूर्य, आणि माणसाचा मागमूस नाही. तळे नसलेच तर हाती निरांजन घेतलेली एक रूपवती. झाले आपले चित्र!

आमचा भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. तेव्हा इथल्या चित्रकाराने तळे रंगवले तर त्यात वावगे काय, असे कोणी म्हणेल. वावगे काही नाही. मी स्वतः तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. हजारभर तळी तपासली असतील. माझी तक्रार वेगळी आहे. तळ्यांपलीकडे काही काढाल की नाही, असे विचारले की आमची मंडळी एका फ्रेंच माणसाच्या मागे जाऊन लपतात. ‘‘सर, हे इंप्रेशनिझम आहे. मोनेने नाही का कमळे काढली?’’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्याचा हिशेब एकदा जाहीरपणे केलाच पाहिजे.

मराठीत ज्याला दृक्प्रत्ययवाद असे भारदस्त नाव आहे, त्या इंप्रेशनिझमचा आपल्या मनातला अर्थ एवढाच उरला आहे: कडा धूसर ठेवायच्या, रंगाचे ठिपके शेजारी शेजारी टाकायचे, आणि विषय गोड निवडायचा. यातली पहिली दोन कलमे ठीक आहेत. तिसरे कलम धादांत खोटे आहे. त्या लोकांनी गोड विषय निवडले म्हणून त्यांचे नाव झालेले नाही. ज्या गावात ते राहत होते, त्या गावाचा त्या दिवशीचा रस्ता त्यांनी रंगवला. त्याबद्दल त्यांनी शिव्या खाल्ल्या आणि नंतर नाव मिळवले.

तो काळ जरा आठवा. १८५३ पासून १८७० पर्यंत बॅरन ओस्मान या अधिकाऱ्याने तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने पॅरिस शहर उकलून पुन्हा शिवले. जुन्या गल्ल्या पाडल्या. रुंद सरळ रस्ते काढले. दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती, झाडे, गॅसचे दिवे. रेल्वे आली, मोठी दुकाने आली, रस्त्यावर खुर्च्या टाकलेले कॅफे आले. माणूस गर्दीत एकटा चालू लागला. हे सगळे डोळ्यांपुढे घडत असताना सरकारी प्रदर्शनात, ज्याला सालाँ म्हणत, मान कशाला होता? ग्रीक देवतांना आणि रोमन सेनापतींना. कवी बोदलेर याने १८६३ सालीच एक निबंध लिहून चित्रकारांना बजावले होते, की आपल्या काळाच्या पोशाखातही एक सौंदर्य आहे, ते पकडा. त्याचे ऐकणारे थोडे होते. जे होते त्यांना सालाँचे दार वारंवार बंद झाले, म्हणून त्यांनी १८७४ च्या एप्रिलात आपले स्वतःचे प्रदर्शन मांडले. तिसाच्या आसपास चित्रकार होते. महिनाभरात साडेतीन हजारांच्या घरात माणसे आली, आणि त्यांतली बरीचशी हसायला आली. मोनेने त्या प्रदर्शनाच्या खिडकीतून दिसणारा रस्ताच रंगवून तिथे टांगला होता. एका टीकाकाराने त्यातल्या माणसांची टिंगल केली: हे काळे फराटे म्हणजे माणसे? होय, तीच माणसे! वरच्या मजल्यावरून गर्दीकडे पाहा, म्हणजे तुम्हीही फराटाच दिसाल.

आता मोनेच्या कमळांकडे येऊ. मोने जन्मला १८४० साली. कमळांची ती सुप्रसिद्ध मालिका त्याने हाती घेतली तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. ते तळे त्याने जिव्हर्नी गावी १८९३ मध्ये जमीन घेऊन स्वतः करवून घेतले होते. तो त्याच्या बागेचा भाग होता. तत्पूर्वी, छत्तीस वर्षांचा असताना, १८७७ च्या आरंभी हाच मोने पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनात घोडी मांडून बसला होता. त्या एका स्टेशनाची त्याने डझनभर चित्रे केली. लोखंडी छप्पर, त्याखाली कोंडलेली निळी-करडी वाफ, आत शिरणारे इंजिन, रुळांवर उभी माणसे. त्याच वर्षीच्या प्रदर्शनात त्यांतली कित्येक त्याने लावली. ज्या काळात स्टेशन म्हणजे धूर, कर्कश शिट्ट्या आणि हमालांची आरडाओरड, त्या काळात ते देवळाइतके पाहण्याजोगे आहे, असे एका माणसाला वाटले. तळे त्याच्या मालकीचे होते; स्टेशन सगळ्यांचे होते. आमच्या मंडळींनी त्याचे म्हातारपण उचलले आणि तारुण्य सोडून दिले!

आणि आमचे तळे तरी त्यांनी धड पाहिले आहे का? भंडाऱ्याचे तळे म्हणजे निसर्गाचे देणे, असे समजून ते रंगवतात. अहो, यातली बहुतेक तळी माणसांनी बांधली आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार डोळ्याने मोजून पाळी घातल्या, पाणी अडवले, धानाच्या बांध्यांपर्यंत पाट नेले. मालगुजारांच्या काळात ती मालगुजारी तळी झाली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी राहिली. त्यांत ढिवरांची जाळी पडतात, शिंगाड्याचे वेल पसरतात, पाळीवर धुणे होते, आणि पाण्याच्या पाळीवरून दोन शेतकरी हातघाईवर येतात. हे सगळे पुसून टाकले की मग चित्रकाराचे ‘शांत, रम्य तळे’ तयार होते. म्हणजे तळे काढूनसुद्धा तळे चुकलेच!

काही वर्षांमागे जिल्ह्यातल्या एका चित्रस्पर्धेला मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. संस्थेचे नाव सांगत नाही; तशा संस्था सगळीकडे आहेत. विषय होता ‘माझा गाव’. नववीतल्या एका मुलीने तुमसरचा एस्टी स्टँड काढला होता. आषाढातला पाऊस, ओल्या फरशीवर पडलेले लाल गाडीचे लांबलचक प्रतिबिंब, छत्र्यांचा एक काळा पुंजका, आणि कडेला गाठोड्यावर बसून गाडीच्या पाटीकडे पाहणारी एक म्हातारी. हात कच्चा होता, गाडीची चाके चुकली होती. पण तो पाऊस खरा होता, आणि ती म्हातारी कुठल्या तरी गावाला निघाली होती. माझ्या सहपरीक्षकांनी चित्र बाजूला ठेवले. एक म्हणाले, ‘‘यात निसर्ग कुठे आहे?’’ दुसरे म्हणाले, ‘‘देऊळ नाही, नदी नाही, गावाची ओळख कशी पटणार?’’ मी तासभर वाद घातला आणि दोन विरुद्ध एक असा हरलो. पहिले बक्षीस कमळांच्या तळ्याला गेले.

त्या दोघांना मी तेव्हा जे सांगितले तेच इथे सांगतो. १८७७ साली गुस्ताव काय्‌बोत नावाच्या चित्रकाराने पॅरिसचा पावसातला चौक रंगवला. चित्र सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद. आज ते शिकागोच्या संग्रहालयात आहे. त्यात देऊळ नाही, नदी नाही. ओले दगडी रस्ते, करडे आकाश, आणि छत्र्या घेऊन आपापल्या वाटेने जाणारी माणसे. कोणी कोणाकडे पाहत नाही. नव्या शहरात माणूस कसा चालतो, हे त्या चित्राने एकदाच आणि कायमचे सांगितले. याच काय्‌बोतने १८७५ मध्ये लाकडी फरशी तासणारे तीन उघडे मजूर रंगवले, तेव्हा सालाँने ते चित्र नाकारले; हा विषय त्यांना ग्राम्य वाटला. परीक्षकांची ही जात पुरातन आहे आणि ती सर्व देशांत सापडते. तुमसरच्या त्या मुलीने काय्‌बोतचे नाव ऐकले नव्हते. तिने नुसते डोळे उघडे ठेवले होते, आणि तेवढ्यासाठी तिला घरी पाठवण्यात आले.

माझ्या विरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते एकेक पाहू.

पहिला आक्षेप असा, की आता कॅमेरा आहे, आणि तोही प्रत्येकाच्या खिशात. मग स्टँड कशाला रंगवायचा, फोटो काढा की! या आक्षेपाचे मला हसू येते. १८७४ चे ते पहिले प्रदर्शन भरले कुठे? नादार या त्या काळच्या नामांकित छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत! कॅमेरा त्या मंडळींच्या अगोदर आलेला होता. त्यांना त्याची धास्ती नव्हती. उलट, चौकटीच्या कडेला अर्धा कापलेला माणूस, अवचित वळलेली मान, या गोष्टी पाहायला कॅमेऱ्याने आणि जपानी ठशांच्या चित्रांनी त्यांचा डोळा तयार केला होता. फोटो क्षणात निघतो, आणि म्हणूनच आपण तो क्षणात विसरतो. चित्रकार एका जागी चार दिवस बसतो. चार दिवस जो त्या म्हातारीकडे पाहील, त्याला ती गाडीच्या पाटीकडे का पाहते आहे हे कळेल: तिला वाचता येत नाही, आणि ती कोणाला विचारावे याचा अंदाज घेते आहे.

दुसरा आक्षेप असा, की आधुनिक शहरी जीवन पॅरिसला असेल, मुंबईला असेल. भंडाऱ्यात ते कुठे? हा आक्षेप वरवर नम्र दिसतो. आतून तो आळशी आहे. मोने, रन्वार ही मंडळी कायम पॅरिसच्या मध्यभागी बसून नव्हती. रेल्वेने थोडक्या वेळात गाठता येणारे आर्जांतय हे नदीकाठचे उपनगर त्यांनी कितीतरी वेळा रंगवले. त्यात शिडांच्या होड्यांमागे कारखान्याची धुराडीही आहेत. नवे जग राजधानीत जन्मते आणि आडगावच्या स्टेशनवर उतरते. आमच्या वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे; देव्हाडीला तुमसर रोड आहे. तिथून तिरोडीकडे फाटा जातो, कारण त्या पट्ट्यात मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, चिखल्याची भुईखालची खाण. तिथून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगावरची काळी धूळ कोणत्या रंगाची असते ठाऊक आहे? नुसती काळी नसते. संध्याकाळच्या उन्हात तिच्यावर जांभळी झाक येते. हे पाहायला पॅरिसचे तिकीट लागत नाही.

किंवा तुमसरचा धानाचा बाजार घ्या. देगा हा त्या गटातला सर्वांत तिरसट माणूस. तो १८७२ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला आपल्या आजोळच्या माणसांकडे गेला, आणि १८७३ मध्ये त्याने काय रंगवले? मामाची कापसाची पेढी! म्हातारा मामा बोटांनी कापसाचा धागा ताणून पाहतो आहे, एक जण वर्तमानपत्र वाचतो आहे, एक जण खातेवहीवर वाकला आहे, टेबलावर पांढऱ्या कापसाचा ढीग. पुढे एका सार्वजनिक संग्रहालयाने विकत घेतलेले देगाचे पहिले चित्र ते हेच. आमच्या वऱ्हाडात जिनिंगची शंभर वर्षे झाली, तुमसरात धानाची रास उभी राहते, अडत्या मूठभर दाणे तळहातावर चोळून फुंकर मारतो, आणि शेतकरी त्या फुंकरीकडे श्वास रोखून पाहतो. त्या फुंकरीत त्याचे वर्ष असते. याहून मोठा प्रसंग कोणत्या पुराणात आहे? पण आमचा चित्रकार त्या वेळी तळ्यावर गेलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: ‘‘चित्र सुंदर असावे, रोजची कटकट भिंतीवर कशाला?’’ हा आक्षेप घरातली माणसे घेतात, म्हणून मी त्याला मान देतो. दमून घरी आलेल्या माणसाला भिंतीवर प्रसन्न काही हवे असते, हे खरे आहे. मग रन्वारकडे पाहा. त्याचे १८७६ चे मोंमार्त्रचे चित्र: रविवारची दुपार, झाडांतून गळणारे उन्हाचे कवडसे, नाचणारी जोडपी. याहून प्रसन्न चित्र शोधून सापडणार नाही. त्यातली माणसे राजघराण्यातली नाहीत. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मुली आणि चित्रकाराचे दोस्त आहेत. प्रसन्नता रोजच्या जगण्यातून काढता येते, ती कमळांचीच मिरास नाही. आणि कधी कधी चित्राने प्रसन्न नसावे, हेही शिकले पाहिजे. माने याने १८८२ साली एका करमणूकगृहातली मद्य विकणारी मुलगी रंगवली. पुढे बाटल्या, संत्री, फुले. मागे आरशात झगमगाट आणि गर्दी. आणि मधोमध तिचा तो दमलेला, कुठेच नसलेला चेहरा. दिवसभर दुसऱ्यांची हौस पुरवणाऱ्या माणसाचे डोळे कसे होतात, ते तिथे दिसते. दिवाळीच्या खरेदीला तुम्ही कापडदुकानात जाल, तेव्हा पन्नासावे लुगडे उलगडून दाखवणाऱ्या पोरीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा. मग माने काय म्हणत होता ते समजेल.

या फ्रेंच मंडळींना मी देव मानतो, असे मात्र कोणी समजू नये. त्यांनाही पुष्कळ दिसले नाही. ओस्मानने रस्ते रुंद केले तेव्हा गरिबांची वस्ती उठवून शहराच्या कडेला ढकलली; चित्रांत रस्ते आले, उठवलेले लोक फारसे आले नाहीत. १८७१ साली पॅरिस कम्यूनचा पाडाव झाला, हजारो माणसे रस्त्यांवर मारली गेली. मानेने त्यावर शिळाछापाची दोन चित्रे केली. बाकीच्यांच्या रंगीत रस्त्यांवर तीन वर्षांनी रक्ताचा ठिपका नाही. हा त्यांचा उणेपणा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्यापासून धडा घ्यायचा तो आपणच. आमच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दला १९८८ साली वैनगंगेवरच्या धरणाची कोनशिला बसली. पुढे पाणी चढत गेले, गावे उठली. उंबरे सुटले, देव्हारे हलले, चिंचेखालचे पार पाण्यात गेले. त्या गावांची शेवटची दिवाळी कोणी रंगवली? माझ्या पाहण्यात एक चित्र नाही. धरणाच्या अथांग पाण्यावर मावळणारा सूर्य मात्र मी प्रदर्शनांत मोजून थकलो.

आता घरातल्या स्त्रियांशी दोन शब्द, कारण या वादात त्यांचा वाटा मोठा आहे. त्या गटात बेर्त मोरिसो होती. १८७४ च्या पहिल्याच प्रदर्शनात तिची चित्रे होती. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेश मिळाला तो १८९७ साली. एकट्या बाईने कॅफेत जाऊन बसणे अब्रूदार घराला चालत नव्हते. तेव्हा पुरुषांनी रस्ता रंगवला, आणि तिने आपल्या बहिणीला पाळण्याशी बसवले. त्या पाळण्याच्या चित्रात झिरझिरीत पडद्याआडचे मूल आहे आणि आईच्या डोळ्यांत प्रेमाबरोबर थकवाही आहे. मेरी कसॅट या अमेरिकन बाईने १८७८ मध्ये नाटकगृहातली एक स्त्री काढली: ती दुर्बिणीतून समोर पाहते आहे, आणि पलीकडच्या कठड्यावरून एक पुरुष दुर्बिणीने तिलाच पाहतो आहे. बायकांकडे कसे पाहिले जाते हे सांगायला बाईच यावी लागली. आमच्या जिल्ह्यात हजारो बाया ओसरीवर बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानाला कात्री, बोटाला दोरा, आणि नजर चुलीवरच्या भातावर. हे दृश्य पुरुषाने रंगवले तर तो बहुधा तिला सुंदर करील. तिच्या लेकीने रंगवले तर ती तिची बोटे नीट काढील.

मराठी चित्रकाराला हे जमत नाही, असेही नाही. धुरंधरांनी मुंबईच्या आडवाटांवरच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी १९१२ साली चित्रे काढली; मुंबईच्या लोकांचे नाना नमुने त्यांनी टिपले. सय्यद हैदर रझा आमच्या शेजारच्या नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, आणि १९४० च्या दशकात त्यांनी मुंबईचे रस्ते जलरंगांत रंगवले. पॅरिस त्यांनी गाठले ते नंतर, १९५० मध्ये. सुधीर पटवर्धन हे पुण्यात जन्मलेले डॉक्टर. ठाण्यात क्ष-किरणांचा व्यवसाय करता करता त्यांनी इराणी हॉटेलातला माणूस, लोकलची गर्दी आणि गिरण्या उठलेले लोअर परळ रंगवले. आणि खुद्द आमच्या लाखनीत १९२८ साली भाऊ समर्थ जन्मले. नागपुरात राहून त्यांनी चित्रे काढली आणि चित्रकला नि समाज यांच्या नात्यावर जन्मभर लिहिले. ज्या जिल्ह्याने असा माणूस दिला, त्या जिल्ह्याने तळ्यात डोके खुपसून बसावे, हे लाजिरवाणे आहे.

निरांजनवाल्या स्त्रीविषयीही गैरसमज नको. हळदणकरांचे मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले जलरंगातले चित्र, हाताच्या ओंजळीआडून पाझरणारा तो दिव्याचा उजेड, ही विद्या मोठी आहे. दलाल आणि मुळगावकर यांनी दिवाळी अंकांना जो चेहरा दिला, त्यावर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. त्यांनी आपल्या डोळ्याने पाहिले होते. त्यांच्या नकलांच्या नकला करणाऱ्यांनी फक्त त्यांची चित्रे पाहिली आहेत. दिवा तोच, हात तोच, साडीचा काठ तेवढा दरवर्षी बदलतो.

हे सगळे आजच का बोलायचे, असे विचाराल तर सांगतो. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. गावाचे नावच भाण्यावरून, म्हणजे पितळी ताटावरून, पडले असे लोक मानतात. एके काळी इथल्या मोहल्ल्यांतून सकाळपासून ठोक्यांचा नाद चालायचा. गुंड, गंज, कोपर, पराती, घागरी. भट्टीच्या जाळाने निम्मा उजळलेला कारागिराचा चेहरा, आणि दाराशी उन्हात मांडून ठेवलेली नवी कोरी भांडी, ज्यांच्या पोटात सगळी गल्ली वाकडी होऊन दिसायची. उजेडाच्या मागे धावणाऱ्या चित्रकाराला याहून काय हवे होते? मोनेला हे दिसते तर तो साँ-लाझार सोडून इथे येऊन बसला असता. मग स्टील आले, अ‍ॅल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले. नाद विरळ होत गेला. आज त्या धंद्याचा थोडासा अंश उरला आहे, आणि त्या भट्टीसमोर बसून केलेले एकही तैलचित्र माझ्या पाहण्यात नाही. एक अख्खा धंदा, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात, आमच्या डोळ्यांदेखत उठून गेले. आणि आम्ही काय करत होतो? आम्ही कमळांना गुलाबी रंग देत होतो!

जे पितळेचे झाले ते उद्या बिडीचे होईल, कोशाच्या हातमागाचे होईल, लाल एस्टीचेही होईल. यातले काही जावे अशीच माझीही इच्छा आहे. तंबाखूच्या धुळीत कोणा बाईचे आयुष्य सरावे, असे कोण म्हणेल? पण जाण्यापूर्वी कोणीतरी तिच्याकडे नीट पाहिलेले असावे. जे पाहिले जात नाही, त्याच्यावर अन्याय झाला हेही पुढे कोणाला कळत नाही.

चित्रे कोण विकत घेणार, हा प्रश्न मी टाळत नाही. त्या फ्रेंचांचीही चित्रे कोणी घेत नव्हते. १८७५ साली त्यांनी लिलाव केला तर कवडीमोल बोली लागली आणि लोकांनी हुर्यो केली. काय्‌बोतच्या घरी पैसा होता, त्याने मित्रांची चित्रे घेतली; काही दुकानदारांनी, डॉक्टरांनी घेतली. आमच्या गावातही दवाखाने आहेत, राईस मिलच्या कचेऱ्या आहेत, पतसंस्थांची सभागृहे आहेत. त्यांच्या भिंतींवर स्वित्झर्लंडचे धबधबे लावलेले असतात. त्या भिंतींनी एकेका धबधब्याच्या जागी एकेक देव्हाडीचे फाटक लावले, तरी जिल्ह्यातल्या दहा पोरांचे रंग निघतील.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती रंगपेटी द्याल, तेव्हा एवढे करा. कॅलेंडर समोर ठेवून ‘याच्यासारखे काढ’ असे म्हणू नका. भाऊबीजेच्या दिवशी स्टँडवर जी झुंबड उडते, तिथे तिला घेऊन जा. बहिणीकडे निघालेले भाऊ, मिठाईचे पुडे, झोपलेली पोरे, खाकीतला घामाघूम कंडक्टर, आणि टपावरून उतरणारे हिवाळ्याचे पहिले कोवळे ऊन. तासभर बसू द्या. गाडी चुकली तर चुकू द्या. मागून दुसरी आहे. चाके वाकडी आली तर रागावू नका. आणि शेजारचे कोणी येऊन ‘यात निसर्ग कुठे आहे?’ असे विचारू लागले, तर त्यांना फराळाचे ताट द्या आणि माझा पत्ता द्या. त्यांच्याशी मी भांडतो.